परवाचे कांदेपोहे

होल्गरचं घड्याळ पहिल्यांदा फ्रीजमध्ये सापडलं, तेव्हा मी त्या घरात नवीन होते आणि मला वाटलं, इथे घड्याळंही थंड ठेवायची पद्धत असेल. नव्या देशात माणूस काय वाट्टेल ते मुकाट्याने मान्य करतो. कचऱ्याला निरनिराळ्या रंगांचे डबे असतात हे मी मान्य केलं होतं, रविवारी काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत कारण त्यांचा आवाज होतो हेही मान्य केलं होतं. मग गाजरांच्या खणात पायमोज्यात गुंडाळून ठेवलेलं घड्याळ मान्य करायला कितीसा वेळ लागणार? मी गाजर घेतलं, मोजा नीट ओढून घड्याळाला झाकलं आणि खण लावून टाकला. संध्याकाळी होल्गर भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यासमोर उभा राहिला आणि मोठा श्वास सोडून एकच शब्द बोलला, "सेनादा."

कायझर्सलाउटर्नमध्ये आम्ही तिघं एका बिऱ्हाडात राहत होतो. अशा सामायिक बिऱ्हाडाला तिकडे 'वेगे' म्हणतात. होल्गर यंत्रांच्या कंपनांवर पीएच.डी. करत होता आणि घरात कोणी कधी कुठला नळ पुसायचा याचा तक्ता त्याने तयार केला होता. त्याचं ते घड्याळ रेडिओच्या संदेशावर चालणारं होतं. कधीही चुकत नसे. मी वैजू, साताऱ्याची, संगणकावर पीएच.डी. करत होते. माझा विषय म्हणजे यंत्रांनी आपलं काम ठरलेल्या क्षणाच्या आत पुरं केलंच पाहिजे. मोटारीतली एअरबॅग उशिरा उघडली तर ती नुसती उशी असते, असं आमचे प्रोफेसर म्हणायचे, अर्थात जर्मनमध्ये, म्हणजे त्यात ही कोटी नव्हती. ती मी मनातल्या मनात करून एकटीच हसायचे. आणि तिसरी सेनादा. ती कलाकार होती. मी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं होतं की तू चित्रं काढतेस का. नाही. पुतळे? नाही. "मग करतेस काय?"

"माणसांना बसवते," ती म्हणाली.

मी थांबून राहिले, पुढचं वाक्य येईल म्हणून. ते आलं नाही. हळूहळू कळलं ते असं, की ती एखादी रिकामी जागा शोधायची, लोकांच्या घरून खुर्च्या मागून आणायची, काहीतरी खायला करायची आणि लोकांना बोलावून एकमेकांबरोबर बसवायची. सुरुवात नाही, शेवट नाही, कार्यक्रम नाही. मी म्हटलं, "आमच्याकडे याला कट्टा म्हणतात. त्यासाठी कुणाला कलाकार म्हणत नाहीत, रिकामटेकडे म्हणतात." हे तिला इतकं आवडलं की तिने ते होल्गरच्या तक्त्यावर, नळाच्या रकान्यात, लिहून ठेवलं.

सेनादा रोमा होती. तिचे आजीआजोबा सर्बियातून आले, वडिलांनी शिलाई मशीनच्या कारखान्यात जन्म घालवला आणि ती स्वतः कायझर्सलाउटर्नच्याच दवाखान्यात जन्मली. हे कळल्यावर माझा उत्साह उतू गेला. रोमा म्हणजे हजारएक वर्षांपूर्वी आपल्याकडून निघालेले लोक, हे मी कुठेतरी वाचलं होतं. "म्हणजे तुम्ही आमच्याकडचेच!" मी टाळी द्यायला हात पुढे केला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "मी लाउटर्नची आहे," ती म्हणाली, "आणि तुला मी एवढी आवडत असेन, तर आधी माझ्याबरोबर इथल्या फुटबॉल टीमची मॅच बघायला चल. हजार वर्षांचं नंतर बघू." मी गेले. टीम हरली. परतताना पावसात एका छत्रीत आम्ही भाजलेलं सॉसेज खाल्लं, म्हणजे तिने सॉसेज खाल्लं आणि मी पाव. त्या पावाची चव मला अजून सांगता येईल. आता पन्नाशीच्या दारात बसून हे लिहिताना दिसतं की सगळा खुळेपणा त्या पावापासून सुरू झाला होता. तेव्हा मात्र मला वाटलं, पाव ताजा होता.

त्या घराचे आवाज काय सांगू. सकाळी होल्गरचा तीन मिनिटांचा अंड्याचा गजर, त्यावर सेनादाची दाराआडून शिवी, खालच्या मजल्यावरच्या बाईंचा छताला मारलेला झाडू, आणि मग रविवारी दुपारी जिन्यावर एक जड, सावकाश पाऊल आणि त्याबरोबर झाकण खडखडणारं पातेलं. म्हणजे मामी आली. मामी म्हणजे सेनादाची आजी. रोमानी भाषेत आजीला मामी म्हणतात, त्यामुळे सेनादाने "ही माझी मामी" अशी ओळख करून दिली तेव्हा मी त्या पांढऱ्या केसांच्या बाईंच्या शेजारी मामा शोधत होते. मामीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बेश!"

मी बसले. डोक्याला काही कळायच्या आत बसले. साताऱ्यात माझ्या घरी दारातून आत आलेल्या प्रत्येकाला जे ऐकू येतं, तेच ते, जरा घासून गुळगुळीत झालेलं. बैस. पुढची सगळी दुपार आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बोटं दाखवण्यात घालवली. तिचं 'नाख', माझं नाक. तिचं 'कान', माझाही कानच. 'पानी' म्हणजे पाणी, 'मानुष' म्हणजे माणूस, आणि मिठाला ती 'लोन' म्हणायची, त्यावर मी लोणच्याची बरणीच आणून दाखवली. मामीने बोट बुडवून चाटलं, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तिने बरणी पिशवीत घातली आणि घरी नेली. ते लोणचं माझ्या आईचं होतं. पुढे कधी आईने विचारलं, की संपलं का, तर मी म्हणायचे, नातेवाइकांकडे दिलंय.

सेनादा एका गोष्टीबद्दल मात्र गंभीर होती, आणि ती गोष्ट म्हणजे वेळ. ती म्हणायची, लोकांचं आयुष्य म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. शाळा, नोकरी, लग्न, मूल, घर, पेन्शन. प्रत्येक स्टेशनावर वेळेत पोचलात की लोक रुमाल हलवतात. तिच्यासारख्या, मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीची गाडी त्या तक्त्यावर कधी लागतच नाही. या वेळेला ती 'क्वीअर' वेळ म्हणायची. मी हा शब्द तोवर ऐकला नव्हता. शब्दकोशात पाहिला, तर 'विचित्र'. मी म्हटलं, "विचित्र वेळ?" तिने बोट रोखलं, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोब्बर. त्या वेळी दूध उतू जात होतं. ती स्वयंपाकघरात असली की माझं दूध नेहमीच उतू जायचं, आणि होल्गरने त्यासाठी तक्त्यात एक नवा रकाना आखला होता.

मग तिला 'परवा' सापडला. मी फोनवर आईशी बोलत होते आणि ती शेजारी बसून बटाटे सोलत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, हा जो शब्द तू सारखा म्हणतेस, त्याचा अर्थ काय? मी सांगितलं, उद्याच्या पुढचा दिवस. "पण तू हात मागे करून म्हणालीस." खरंच की. मी आईला सांगत होते, परवा आम्ही मॅचला गेलो होतो. मी म्हटलं, तो कालच्या मागचा दिवसही असतो. ती सोलणं हातात धरून तशीच बसली. "एकच शब्द? पुढचा आणि मागचा? आणि तुमची मंडळी चुकत कशी नाहीत?" मी विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हटलं, "चुकतात की." त्यावर तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. हाताला बटाट्याचा चिखल होता. मी त्या दिवशी केस धुतले नाहीत.

गावातल्या एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात कलामंडळाने नवी गॅलरी सुरू केली होती आणि सेनादाला तिथे पहिल्यांदाच स्वतःचं काही करायला मिळालं होतं. तिच्या घरातल्या कुणी आजवर अशा जागी पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे तिची झोप उडाली होती, हे आम्हाला तिच्या थट्टेवरूनच कळायचं. मंडळाचे प्रमुख हेर लेम्बाख घरी आले (हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत), मऊ मफलर, मऊ आवाज. त्यांनी विचारलं, व्हायोलिन असेल ना? शेकोटी? सेनादा म्हणाली, "आमच्या घरात फक्त काका वाजवतो, अकॉर्डियन, आणि त्याने थांबावं म्हणून आम्ही सगळे देवाची प्रार्थना करतो. मी फक्त माणसांना बसवणार आहे. मामी जेवण करेल. नाव आहे 'परवा'." "सुंदर! तर मग, कधी?" "परवा." "म्हणजे मंगळवारी?" "नाही, रविवारी. पण पत्रिकेवर फक्त 'परवा' छापा." हेर लेम्बाखांनी तसं छापलं. मला नंतर कळलं की गावातली काही शिस्तप्रिय मंडळी पत्रिका मिळाल्यावर फोन करकरून दिवस विचारत होती, आणि एक वयस्कर जोडपं शुक्रवारी येऊन बंद दुकानासमोर बराच वेळ उभं राहून, "फार धाडसी काम आहे" असं म्हणून परत गेलं.

नेमकी त्याच सुमारास सुमनआत्या आली. माझ्या वडिलांची थोरली बहीण, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. युरोपच्या सहलीची मंडळी पॅरिसला रवाना झाली आणि ही फ्रँकफुर्टला उतरून माझ्याकडे राहायला आली. तिला पॅरिस नको होतं, तिला मी हवी होते. आत्याचं सगळं वेळच्या वेळी असायचं. तिचं आणि होल्गरचं पहिल्या दिवशीच जुळलं. तो तिला तक्ता दाखवत होता आणि ती "छान, छान, समास सोड मात्र" असं मराठीत सांगत होती. जर्मन लोकांबद्दल तिची एकच तक्रार होती. "बेकरीत या म्हणतात, बसमध्ये या म्हणतात. जो तो या, या, आणि आल्या पाहुण्याला बसा म्हणून कुणी म्हणत नाही! ही काय रीत?" मी सांगितलं की 'या' म्हणजे त्यांच्याकडे 'हो'. तिला ते पटलं नाही. कुणी या म्हटलं की ती पर्स उचलून पुढे व्हायचीच.

आणि तिने येताना माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. निनाद, म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, उंची चांगली, आईवडील पुण्याला. "तो रविवारी येणार आहे, मी बोलावलंय. वैजू, सत्ताविसावं लागलं तुला. प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते." रविवारीच का, असं मी विचारलं, तर म्हणाली, इतर दिवशी त्याला ऑफिस असतं, तुला काय ते रिकाम्या दुकानात जाऊन बसायचं आहे ते जरा उशिरा बस. मला नाही म्हणता आलं नाही. आत्याला आमच्या घरात आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. माझ्या वडिलांनी एकदा तोंड उघडलं होतं, ते जांभई दिल्यासारखं करून मिटलं.

रविवारी सकाळी मी एशियन दुकानातून आणलेले पोहे भिजवले. आत्याने कांदा चिरला. मी तेच पोहे दोनदा निथळले, आणि ते निनादच्या भीतीने नव्हतं, हे मला कळत होतं. त्याच सुमारास सेनादाने घरातल्या सगळ्या खुर्च्या नेल्या. ती आणि होल्गर हातगाडी घेऊन दोन खेपा करत होते आणि मी फोडणीत गुंतले होते. शुक्रवारी तिने मला विचारलं होतं, आत्याच्या पाहुण्यांचं कधी आहे. मी म्हणाले होते, परवा. तिने तो मागचा परवा धरला, म्हणजे पाहुणे येऊन गेले. तेव्हा निनाद आला, कोट, टाय आणि हातात चॉकलेटचा डबा, आणि त्याने नमस्कार करून बसायला जागा पाहिली, तर सगळ्या घरात बसण्यासारखं फक्त न्हाणीघरात काहीतरी होतं.

आत्या हादरली. "मुलाला उभं ठेवायचं? आपल्या घरी आलेल्या मुलाला?" तो म्हणाला, "काकू, मी जमिनीवर बसतो की." "कोटात?" शेवटी मी म्हटलं, खुर्च्या जिथे आहेत तिथे जाऊ या, जवळच आहे. आणि अशी आमची वरात निघाली. पुढे मी पोह्यांची कढई फडक्यात धरून, मागे जरीकाठाच्या साडीवर लोकरी कोट घातलेली आत्या, तिच्या हातात ओल्या खोबऱ्याची वाटी, आणि शेवटी निनाद, डोक्यावर पाऊस आणि चॉकलेटच्या डब्याची छत्री. सिग्नलला आम्ही थांबलो, रस्त्यावर एकही गाडी नव्हती तरी थांबलो. आत्या म्हणाली, "शिस्त आहे हो लोकांना."

दुकानात तीसेक माणसं गोल करून बसली होती. कुणी पियानोच्या स्टुलावर, कुणी बागेतल्या खुर्चीत, एक वकीलसाहेब लहान मुलाच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून. सेनादाची काकामंडळी दारापाशी अवघडून बसली होती. आम्ही आत शिरलो आणि सगळ्या माना वळल्या. हेर लेम्बाखांनी छातीवर हात ठेवला. माझ्या लक्षात आलं की त्यांना वाटतंय, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मी सेनादाकडे पाहिलं. तिला वाटलं, मी तिला साथ देण्यासाठी हे सगळं घेऊन आलेय, आणि तिचा चेहरा असा उजळला, की खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. आमच्याच स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवर तिने आम्हाला मधोमध बसवलं.

आत्याला श्रोत्यांची सवय होती, तिने पदर सारखा केला आणि सुरुवात केली. "तर निनाद, घरी कोण कोण असतं?" "आई, बाबा, मी." "आणि स्वयंपाक?" "करतो थोडा, काकू." "वैजू, तू विचार काहीतरी." मी विचारलं, "तिकडे पाऊस आहे का?" समोर काळ्या चष्म्याच्या एक बाई डोळे मिटून डोलत होत्या. मी पोहे वाढायला उठले, आत्याही उठली, कारण ती आयुष्यात कधी लोक जेवत असताना बसून राहिली नव्हती. तेवढ्यात मागून मामी आली. हातात सारख्या आकाराच्या कोबीच्या गुंडाळ्यांचं पातेलं, ते तिने ठेवलं, आत्याच्या खांद्यावर तळवा दाबला आणि गरजली, "बेश!"

आत्या धपकन बसली. मग माझ्याकडे वळली. "अगं, ह्या बाई मराठी आहेत!"

"नाही आत्या, त्या सेनादाच्या आजी. रोमानी बोलतात."

"ते काही असो, बैस म्हणाल्या मला." आणि तिने परीक्षा घ्यायला सुरुवात केली. नाकाला बोट. मामी म्हणाली, "नाख." आत्याने मान डोलावली, पास. कान, पास. दाताला मामी 'दांद' म्हणाली, तोही पास. डोळ्याला मामी म्हणाली, "याख." आत्याचा चेहरा पडला. मामीचाही पडला. सगळं दुकान श्वास रोखून बसलं. आत्याने क्षणभर विचार केला. "अक्षी. संस्कृतात अक्षी. अर्धा गुण देते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या पुन्हा कढईकडे जायला उठली आणि मामीने पुन्हा तिला पदराला धरून खाली ओढलं, या वेळी जरा जोरातच. "अहो, किती बसू मी!" आत्या वैतागली.

तेव्हा सेनादा येऊन आमच्या खुर्च्यांमध्ये उकिडवी बसली आणि हळू आवाजात मला सांगू लागली, मी आत्याला मराठीत सांगत गेले. मामी लहान असताना युद्धात सैनिकांनी तिच्या वस्तीला चौकात उभं केलं होतं, मोजायला. फार वेळ उभं केलं. मामीच्या आईचे पाय सुजले होते, ती खाली बसली. मामी एवढंच सांगते, यापुढचं ती कधीच सांगत नाही. मात्र तेव्हापासून तिच्यासमोर कुणी उभं राहिलेलं तिला चालत नाही. "माझं सगळं काम तिथून येतं," सेनादा म्हणाली.  आत्याने आपली खुर्ची सरकवून मामीच्या खुर्चीला लावली, आणि कोबीची एक गुंडाळी उचलली. आत खिमा होता. आत्या जन्माची शाकाहारी. मी डोळे मोठे केले, सेनादाने चपळाईने ती तिच्या हातातून काढून घेऊन भाताची दिली, आणि आत्या म्हणाली, "मला कळलंय हो. वास आला होता."

मग निनादने खाकरून विचारलं, काकू, आम्ही दोघं जरा एकट्यात बोलू का? आत्या खूश झाली. आम्ही दुकानाच्या कोपऱ्यात गेलो. खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला. मी मागे पाहिलं तर तीसही माणसं खुर्च्या आमच्याकडे वळवून बसली होती. निनाद घामाघूम होऊन म्हणाला, "हे बघा, तुम्ही कृपा करून मला नकार द्या. माझी एक मैत्रीण आहे, मोनिका. तिला एक मुलगा आहे. घरी माहीत नाही."

"मी का देऊ? तुम्ही द्या."

"मी नकार दिला तर आई पुढचं स्थळ काढेल. तुम्ही दिलात तर ती वर्षभर तुम्हाला नावं ठेवण्यात घालवेल. मला एक वर्ष मिळेल."

मला हसू आवरेना. तोही हसायला लागला. आम्ही दोघं भिंतीला टेकून हसत होतो आणि आत्याला वाटलं, जमलं. तिने तिथूनच हाक मारली, "मग? काय ठरलं?"

"नाही!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. पुन्हा टाळ्या.

"का पण?" निनादने माझ्याकडे बोट दाखवलं. हा मुलगा आता माझा चांगला मित्र आहे, मोनिकाच्या हातचं खाऊन दुप्पट झालाय, पण ते बोट मी त्याला अजून ऐकवते. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी परत जाऊन तिच्यासमोर बसले. इतक्या माणसांत फक्त आत्या आणि निनादला मराठी कळत होती, आणि तरी बोलणं मला जमेना. समोर सेनादा काकांना जास्तीच्या खुर्च्या नेऊन देत होती, एक खुर्ची तिच्या गळ्यात अडकली होती आणि ती दुसरा खांदा घालून ती काढू पाहत होती. मी म्हटलं, "आत्या, मला मुलगा नकोय. हा नको असं नाही, कुठलाच नकोय. मला ती आवडते."

आत्याने वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ही?" ती म्हणाली. "हिला साधं घड्याळ कळत नाही!"

आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, कारण जे कानांनी ऐकलं होतं ते आता आत पोचलं. तिने ताटली खाली ठेवली. ओठ घट्ट मिटले. मला तिचं रागावणं माहीत होतं. ती आधी उठते, मग पाठ ताठ करते, मग बोलते. तिने उठायला खुर्चीचे हात धरले, आणि मामीचा तळवा तिच्या गुडघ्यावर येऊन पडला. मामीला आमचं एक अक्षर कळलं नव्हतं. तिला फक्त एक बाई उठताना दिसली. आत्याने त्या तळव्याकडे पाहिलं, सुरकुतलेल्या, कोबीचा वास येणाऱ्या, आणि ती उठली नाही. आम्ही समोरासमोर तशाच बसून राहिलो. लोक पोहे खात होते. कुणीतरी हिरव्या मिरचीने गुदमरलं, वकीलसाहेब लहान खुर्चीत अडकले त्यांना दोघांनी ओढून काढलं, सेनादाचा काका गाडीतून अकॉर्डियन घेऊन आलाच, आणि खिडकीबाहेर हळूहळू अंधारून आलं. होल्गरने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलेलं मी पाहिलं. कितीतरी वेळाने आत्या म्हणाली, "उभी असते तर बोलले असते तुला काहीतरी. बसून नीट रागावताच येत नाही गं."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "डोळे पूस. सगळे बघतायत." मग तिने नाक ओढलं. "तिला माहीत आहे का?" मी मान हलवली, नाही. "म्हणजे तुझं तरी काय वेळेवर आहे!"

खुर्च्या परत आणताना सेनादाने विचारलं की मी आत्याला काय सांगितलं, लोक तर म्हणत होते की संध्याकाळचा सगळ्यात चांगला भाग तोच होता. मी म्हटलं, नंतर सांगते. "कधी?" "परवा." मात्र तेवढाही धीर मला धरवला नाही, रस्त्याच्या मधोमध, डोक्यावर खुर्ची घेऊन, मी ते जर्मनमध्ये सांगितलं, आणि जर्मनचं व्याकरण चुकवलं, त्यामुळे 'तू मला आवडतेस'च्या जागी 'मी तुला आवडते' असं झालं. सेनादाही डोक्यावर खुर्ची घेऊन उभी होती. "हो," ती म्हणाली, "बरोबर आहे. पण तुला कसं कळलं?" मागून आत्या ओरडली, "सिग्नल हिरवा झाला, चला!"

आत्या आणखी चार-पाच दिवस राहिली. सेनादाशी ती अवघडून वागली, गरजेपुरतं बोलली, एकदा तिच्या चहात साखर घालायला विसरली की मुद्दाम घातली नाही, हे मला कळलं नाही. मात्र रोज दुपारी ती मामीकडे जाऊन बसायची. दोघी काय बोलायच्या देव जाणे. मला मधूनच भीती वाटायची, की ती घरी फोन करून सगळं सांगेल आणि बाबा तिकीट काढून येतील. जायच्या दिवशी स्टेशनवर ती मला म्हणाली, "भाऊला मी सांगेन. तू नको, तू घाई करशील. त्याला सावकाश सांगावं लागेल, आणि तरी तो ऐकेलच असं मी तुला सांगत नाही." बाबांनी ऐकायला वर्षं घेतली. ती वर्षं सोपी नव्हती, पण त्यांचं प्रकरण वेगळं.

विमानतळाची गाडी आली. मी सामान आत चढवलं आणि खाली उतरले. आत्या दारात उभी राहिली. फलाटाच्या टोकाला, दहा पावलं लांब, सेनादा थंडीत हात बगलेत धरून थांबली होती. पुढे यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काळा मसाला पाठवते मी, कुणी येणारं असलं की. ही खाते का तिखट?"

"खाते," मी म्हटलं. "रडत खाते, पण खाते."

"मग बेताचा करू, की आपला नेहमीचा?"

दार बंद होतं आहे अशी शिट्टी झाली. मी ओरडले, "आपला, आत्या! आपलाच कर!"